मनाच्या बांधाला खांड पडते तेव्हा



वर्षावास चालू आहे. आषाढी पौर्णिमेपासून आपल्या विहारात रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. बाहेर पाऊस कोसळत असतो, पाखाडीवरून पाण्याचे लोट वाहत असतात, तरी आपण कंदील-बॅटरी घेऊन येता, ही आनंदाची गोष्ट आहे. गेल्या आठवड्यात वाचन संपले, सरणत्तय झाले, मंडळी पांगली. एक माय मात्र दाराशी थांबून राहिली. दोन वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतलेले हे घर. सगळे गेल्याची खात्री करून ती हळूच म्हणाली, "गुरुजी, पोरगं बारा दिस झालं अंथरुणातून उठत नाय. धड खात नाय, धड बोलत नाय. रात्री नुसता छताकडं बघत पडतो. आधीचं दिस असतं तर भगताकडं नेलं असतं. आता तुमी म्हणता तिकडं जायाचं नाय. मग जायाचं तरी कुठं?"

बंधूंनो, या प्रश्नाने मला त्या रात्री झोप आली नाही. आपण देव्हारे विसर्जित केले. बावीस प्रतिज्ञा घेतल्या. अंगारा, उतारा, नवस, कौल हे सगळे सोडले. जे सोडावयाचे ते आपण बरोबर सोडले. पण ज्या दुःखासाठी माणूस भगताच्या दारी जात होता, ते दुःख प्रतिज्ञा घेतल्याने संपले काय? ते घरातच राहिले. एक दार आपण बंद केले, तर दुसरे दार दाखविणे हे आपलेच कर्तव्य नव्हे काय? ते दार दाखविण्यासाठीच आजचे हे प्रवचन आहे.

हे काय आहे?

प्रथम हे ओळखावयास शिका. आपल्या बोलीत याला एक नाव नाही. कोणी म्हणते, जीव घाबरतो. कोणी म्हणते, छातीत धडधडते, हातपाय गळतात, डोके जड होते, कशात मन लागत नाही. बाया म्हणतात, उगाचच रडू येते. पुरुष बोलतच नाहीत. ते चिडतात, नाही तर दारूकडे वळतात. झोप उडते किंवा दिवसभर झोपावेसे वाटते. भूक जाते. आवडीचे काम नकोसे होते. 'मी कुचकामी आहे, माझा घराला भार आहे' हा विचार पुन्हा पुन्हा येतो.

एखादा दिवस मन उदास होणे, मुलाच्या परीक्षेची किंवा कर्जाच्या हप्त्याची काळजी वाटणे, हे सर्वांचेच आहे. पण असे दोन आठवडे सलग चालले आणि त्यामुळे उठणे, बसणे, कामधंदा, खाणेपिणे बिघडले, तर तो आजार समजावा. जसा हिवताप आजार, जशी कावीळ आजार, तसाच हा. त्याला औषध आहे आणि माणूस त्यातून बरा होतो. बाळंतपणानंतरही काही स्त्रियांना हा आजार होतो. तिला 'नखरे करते' म्हणू नका, 'बाहेरचे लागले' म्हणू नका.

आपल्या या किनाऱ्याने अलीकडे काय काय पाहिले ते आठवा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये येथे दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यानंतर वाऱ्याचा आवाज चढला की ज्यांचा श्वास अडकतो, पाऊस रात्री जोर धरतो तेव्हा जे अंथरुणावर उठून बसतात, अशी माणसे मी पाहिली आहेत. ती भित्री आहेत काय? नव्हेत. जे मनावर आदळले, त्याचा व्रण मनावर राहिला आहे.

हे पूर्वकर्माचे फळ नव्हे

घरात असे कोणी आजारी पडले की शेजारी एक वाक्य सहज बोलून जातात : 'मागच्या जन्मीचे भोग आहेत.' बंधूंनो, हे वाक्य आपल्या ओठी येता कामा नये. याच वाक्याने आपल्या पूर्वजांना हजारो वर्षे गावकुसाबाहेर बसविले. तुम्ही अस्पृश्य जन्मलात ते तुमच्या पूर्वकर्मामुळे, असे सांगणारे जे शास्त्र, तेच आता आजारी पोराच्या उशाशी येऊन बसते. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माची ही कल्पना स्पष्टपणे नाकारली आहे, कारण ती माणसाकडून प्रयत्नच काढून घेते.

आणि तथागतांनी काय सांगितले? राजगृहाच्या वेळुवनात सीवक नावाचा एक परिव्राजक त्यांच्याकडे आला. त्याने विचारले, माणसाला जे जे सुखदुःख होते ते सारे पूर्वीच्या कर्मानेच होते असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, यावर आपले मत काय? तथागतांनी हे म्हणणे मान्य केले नाही. काही वेदना पित्तामुळे होतात, काही कफामुळे, काही वातामुळे, काही ऋतू बदलल्यामुळे, काही शरीराची आबाळ झाल्यामुळे, काही बाहेरच्या आघातामुळे, असे त्यांनी एकेक कारण मोजून दाखविले. सगळेच कर्माच्या माथी मारणारे लोक डोळ्यांसमोर दिसणाऱ्या गोष्टीपलीकडे धावतात, असा त्याचा आशय. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यकाची ती भाषा आहे. आजचे वैद्यक मेंदूतील रसायनांची, आनुवंशिकतेची, थायरॉईडची, रक्तातील लोहाची भाषा बोलते. पण दृष्टी तीच : दुःखाला कारण असते, ते शोधता येते आणि दूर करता येते.

यातच आणखी एक गोष्ट आली. मन आजारी पडण्याची काही कारणे घराबाहेर असतात. बेकारी, सावकारी, कचेरीत जातीवरून मारलेला टोमणा, भाड्याने खोली मागताना विचारलेले आडनाव, या गोष्टी माणसाला आतून पोखरतात. गोळीने अपमान थांबत नाही, हे खरे. अपमान संघर्षाने थांबतो. पण संघर्षासाठी माणूस आधी उभा राहिला पाहिजे. म्हणून औषध हवे आणि चळवळही हवी. एकाच्या नावाने दुसरे टाळू नका.

ही श्रद्धेची उणीव नव्हे

आता दुसरी बाजू सांगतो, कारण ही चूक आपण बौद्धच करतो. आपण म्हणतो, 'बौद्ध असून मन खचते कसे? वंदना कर, ध्यान कर, आपोआप बरे वाटेल.' अशाने त्या आजारी माणसाच्या डोक्यावर आणखी एक ओझे चढते. आधी तो दुःखी होता, आता तो अपराधीही झाला.

तथागतांनी आजार दोन प्रकारचे सांगितले, शरीराचा आणि मनाचा. शरीराने वर्षानुवर्षे निरोगी राहिलेली माणसे सापडतील, पण मनाने क्षणभर तरी पूर्ण निरोगी आहे असा माणूस अर्हताखेरीज सापडणे कठीण, असे ते म्हणाले. तेव्हा मन दुखते याची लाज कोणी कोणासमोर बाळगावयाची?

स्वतः सिद्धार्थ गौतमांनी आपली भीती लपविली नाही. संबोधीपूर्वी ते रात्री निबिड अरण्यात राहत. एखादे जनावर जवळून जाई, मोर फांदी मोडी, वारा पाचोळा हलवी, आणि त्यांच्या मनात भय दाटून येई. तेव्हा त्यांनी काय केले? ते पळाले नाहीत. चालत असताना भय आले तर चालतच राहिले. उभे असताना आले तर उभेच राहिले. बसले असता आले तर बसूनच राहिले, ते भय ओसरेपर्यंत. भय आलेच नाही, असे तथागत सांगत नाहीत. भय आले आणि गेले, असे सांगतात.

आणि बाबासाहेब? बडोद्याला १९१७ साली राहत्या जागेतून हाकलले गेल्यावर एवढा विद्वान माणूस एका बागेत दुःखी मनाने बसून राहिला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. चार लेकरे त्यांनी आणि रमाईंनी मातीआड केली. लाडका राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला, तेव्हाचे दुःख त्यांनी मित्राला लिहिलेल्या पत्रातही लपविले नाही. त्यानंतर आठच महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, याच आपल्या जिल्ह्यात महाडला त्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. शोक वेगळा आणि हा आजार वेगळा, हे मला ठाऊक आहे. सांगावयाचे इतकेच की ज्या ओंजळीने आपल्याला माणूसपण दिले, त्या ओंजळीने आधी डोळे पुसले होते. तुम्ही रडलात म्हणून बाबासाहेबांच्या वाटेवरून घसरलात असे नाही.

मी हे ऐकीव बोलत नाही. शाळेतल्या नोकरीची शेवटची सहा वर्षे उरली असताना मला हा आजार झाला. दर रविवारी मी विहारात वंदना घेत असे. तोंडाने गाथा चालत आणि मन मात्र कोरड्या विहिरीच्या तळाशी बसलेले असे. पहाटे तीनला जाग येई आणि उजाडूच नये असे वाटे. आठ महिने मी कोणाला सांगितले नाही. लग्नकार्यात, पुण्यानुमोदनात लोकांना धीर देणारा मी, मलाच धीर नाही म्हटले तर लोक काय म्हणतील, ही भीती. अखेर माझीच एक जुनी विद्यार्थिनी, आता आरोग्यसेविका आहे, रस्त्यात भेटली आणि म्हणाली, "गुरुजी, तुमी जेवता का नीट?" एवढाच प्रश्न. मी तिथेच रडलो. तिने मला सरकारी दवाखान्यात नेले. आज मी बरा आहे. पण अजूनही रात्री एक गोळी घेतो, आणि अजूनही एखादी सकाळ जड उगवते. फरक इतकाच की आता ती मी ओळखतो.

बांध कसा राखावा

आपल्या खारेपाटातली माणसे खारबंदिस्ती जाणतात. समुद्राच्या उधाणाने बाहेरच्या बांधाला खांड पडते, खारे पाणी भातखाचरात शिरते. शेतकरी काय करतो? 'समुद्र का आला' म्हणून रडत बसत नाही. बांधाला शिव्या देत नाही. पुढच्या उधाणाच्या आत खांड बुजविण्यास सारा गाव चिखलात उतरतो, कारण एकट्याने ती बुजत नाही. खांड बुजली तरी शेत लगेच पिकत नाही. पावसाने मीठ धुऊन जाण्यास एखाददुसरे वर्ष लागते. आणि त्यानंतरही बांधावर दरसाल मातीची डागडुजी करावीच लागते. मनाचेही तसेच आहे.

तथागतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. माणसाला एक बाण लागतो, तो वेदनेचा. मग तो स्वतःच्या हळहळीने, चिडीने स्वतःला दुसरा बाण मारून घेतो. पहिला बाण टाळणे आपल्या हाती नेहमी नसते. 'मला असे का झाले, मी दुबळा, मी पापी' हा दुसरा बाण मात्र आपण टाळावयास शिकू शकतो. रोजच्या जगण्यासाठी काही गोष्टी सांगतो, त्या ध्यानी ठेवा.

पहिली गोष्ट, डॉक्टरकडे जा. प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा, तेथून पुढे मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवितात. जिल्हा रुग्णालयात हे उपचार मिळतात. काही वेळा थायरॉईडमुळे किंवा पंडुरोगामुळेही असाच थकवा येतो, म्हणून रक्त तपासून घ्या. उदासीवरची गोळी तापाच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाही; गुण दिसावयास दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका. बरे वाटल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने, बहुधा सहा महिने तरी, ती घ्यावी लागते. एकदम बंद करू नका. या गोळ्यांचे दारूसारखे व्यसन लागत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र सवय लागते, म्हणून त्या मनाने दुकानातून आणू नका. काहींना औषधाऐवजी किंवा औषधाबरोबर समुपदेशकाशी ठरवून केलेल्या बोलण्याने गुण येतो. तेही उपचारच आहेत.

दुसरी गोष्ट, दारू नको. पंचशीलातले पाचवे शील येथे जीव वाचविणारे आहे. दारू त्या रात्री विसर पाडते आणि दुसऱ्या सकाळी उदासी दुप्पट करते.

तिसरी गोष्ट, दिवसाला खुंट्या ठोका. उठण्याची वेळ, जेवणाची वेळ, झोपेची वेळ ठरलेली ठेवा. मोठे काम झेपत नसेल तर लहान काम धरा. एक हंडा पाणी भरा, एक वाफा निंदा, विहारात एक मेणबत्ती लावा. सुतार जुनी खुंटी काढावयाची तर तिच्यावर दुसरी बारीक खुंटी ठोकून ती बाहेर काढतो. नको असलेला विचार दुसऱ्या चांगल्या विचाराने असाच काढावा, असे तथागतांनी भिक्खूंना सांगितले आहे. पाऊस उघडला की बाहेर पडा, बांधावरून, पुळणीवरून अर्धा तास चाला.

चौथी गोष्ट, ध्यान बेताने. सोण नावाचा भिक्खू चालून चालून पाय रक्ताळेपर्यंत साधना करी आणि तरी निराश होता. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तार फार ताणली तर वीणा वाजते का, फार सैल सोडली तर वाजते का, असे तथागतांनी त्याला विचारले. ज्याचे मन फार खचले आहे त्याने तासन्‌तास एकांतात डोळे मिटून बसू नये. कधीकधी त्याने त्रास वाढतो. पाच मिनिटे श्वासाकडे लक्ष द्यावे, किंवा चालता चालता पावलांकडे द्यावे. दहा दिवसांच्या शिबिराला जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि शिबिरात आपला आजार सांगावा. आणि छातीत धडधड सुरू झाली, आता मरतो असे वाटू लागले, तर अरण्यातले गौतम आठवा. एकदा डॉक्टरांकडून हृदय तपासून घेतले असले म्हणजे, ही भरती आहे, चढेल आणि उतरेल, एवढेच मनाशी म्हणत असाल तेथेच थांबा. ती उतरते.

घरच्यांनी काय करावे?

एका विहारात एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते, कारण तो इतरांच्या उपयोगी पडला नव्हता. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, स्वतः त्याला धुतले, दोघांनी उचलून खाटेवर ठेवले. मग भिक्खूंना जमवून ते म्हणाले की येथे तुमचे आईबाप नाहीत; तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? ज्याला माझी सेवा करावयाची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

तेव्हा घरच्यांनो, 'ऊठ, कामाला लाग, सगळे मनाचे खेळ आहेत' असे म्हणू नका. 'तुला काय कमी आहे?' असे विचारू नका. जवळ बसा. 'जेवलास का? झोप लागली का? चल, मी येतो दवाखान्यात' एवढे म्हणा. गोळीची आठवण द्या. बारशाला, लग्नाला त्याला वगळू नका, आणि ओढूनही नेऊ नका. ज्या बाईवर सेवेचा भार पडतो तिलाही आठवड्यातून एक दिवस मोकळीक द्या, नाही तर उद्या तीच आजारी पडेल.

आणि तो मरणाची भाषा बोलू लागला तर हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, 'जीव देण्याचे मनात येते का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलता येते म्हणून ओझे उतरते. त्याला एकटे ठेवू नका, शेतातली विषारी औषधे घरातून हलवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. १४४१६ हा टेलि-मानस सेवेचा सरकारी दूरध्वनी आहे. ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे. रात्री-अपरात्री केव्हाही लावा, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तो तीव्र ताणाखाली होता असे मानावे, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ठरविले आहे. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने कोणाला लपवून ठेवू नका.

बंधूंनो, याच खारेपाटात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांविरुद्ध संप चालविला. सहा वर्षांचे शौर्य कोणाही एकाच्या अंगी एका दिवसात नसते. रोजचा एक दिवस काढावयाचा, तोही एकमेकांना धरून, असे ते शौर्य असते. या आजाराशी झगडणारा माणूस रोज सकाळी उठून तोंड धुतो, तेव्हा तोही संपच लढवीत असतो. आपण त्याचा गाव झाले पाहिजे.

त्या मायला मी काय सांगितले? दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्.टी.ने आम्ही तिघे दवाखान्यात गेलो. पोरगा वाटेत एक शब्द बोलला नाही. डॉक्टरांनी तासभर ऐकून घेतले, रक्त तपासावयास दिले, गोळ्या लिहून दिल्या, पंधरा दिवसांनी बोलाविले. परतताना वडखळच्या पुढे त्याने खिडकी उघडली, बाहेर भातलावणी चालली होती ती पाहिली आणि आईला म्हणाला, "आपली लावणी रायली ना गं?" तेवढेच. तो बरा झाला असे मी म्हणणार नाही. अजून बरेच दिवस आहेत. रविवारी विहारातली पाचजण त्यांच्या शेतात लावणीस जाणार आहेत. तुम्हीही या.

जायचे कुठे, असे ती विचारत होती. दवाखान्यात जायचे, आणि एकटे जायचे नाही.

नमो बुद्धाय. जयभीम.